वयात येणे : देवाच्या योजनेतील वाढ

ख्रिस्तात प्रिय पालकांनो,

बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात सापडला. तो आईवडिलांबरोबर नासरेथला परतला आणि ज्ञानाने व शरीराने वाढत गेला, असे संत लूक सांगतो (लूक २:५२). म्हणजे देवाचा पुत्रही वयात आला. मग आपल्या मुलांच्या वाढीविषयी बोलताना आपली जीभ का अडखळावी?

हे बदल मुलींमध्ये साधारणपणे ८ ते १३ व मुलांमध्ये ९ ते १४ या वयात सुरू होतात. उंची झपाट्याने वाढते, मुरमे येतात, मुलाचा आवाज फुटतो, मुलीला पाळी येते. सुरुवातीची एक-दोन वर्षे पाळी अनियमित असू शकते. मन कधी हळवे, कधी चिडचिडे होते. आधी कुणी सांगितले नसेल, तर रक्त पाहून मुलगी घाबरते. झोपेत वीर्यपतन झाले की मुलगा स्वतःला पापी समजतो.

पाप घडण्यासाठी जाणीव आणि संमती लागते, असे ख्रिस्तसभा शिकवते. झोपेत आपोआप घडते त्यात दोन्ही नसतात. ते पाप नव्हे. प्रायश्चित्त संस्कारात त्याची कबुली देण्याचे कारण नाही. तसेच पाळीच्या दिवसांत मिस्साला येण्यास किंवा ख्रिस्तशरीर स्वीकारण्यास आपल्याकडे कोणतीही बंदी नाही. बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेल्या स्त्रीने प्रभूच्या वस्त्राला स्पर्श केला, तेव्हा प्रभूने तिला दूर लोटले नाही, ‘मुली’ अशी हाक मारली (मार्क ५:३४).

मुलांना वयानुरूप लैंगिक शिक्षण मिळावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच म्हटले. हा आईवडिलांचा मूलभूत हक्क व कर्तव्य आहे, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली स्पष्ट केले. ‘शाळेत शिकवतील’ म्हणून आपण गप्प राहतो, आणि आपल्याआधी मोबाईल बोलून जातो. मोबाईल माहिती देईल; पण शरीर ही देवाची देणगी आहे, स्वतःच्या व दुसऱ्याच्या शरीराचा मान राखावा, हे प्रेमाने कोण सांगणार?

म्हणून या आठवड्यात एका संध्याकाळी रोझरीनंतर टीव्ही बंद ठेवू या. आईने मुलीशी, वडिलांनी मुलाशी साध्या शब्दांत बोलावे. सगळी उत्तरे आली नाहीत तरी चालेल. मुलांना घरात विचारता आले पाहिजे.

पवित्र कुटुंब आपल्या घरांना मोकळेपणाची कृपा मिळवून देवो.

प्रभूमध्ये आपले,
प्रमुख धर्मगुरू