नव्या वस्तूची जन्मकथा

नवं उपकरण घरी आणलेला शौकीन माणूस पाहण्यासारखा असतो. तो खोक्यावरचं पातळ प्लास्टिक घाईने फाडत नाही, बोटांनी हलकेच सोलतो. हेडफोन असतील तर आधी तळहातावर वजन जोखतो, बिजागरी उघडून-मिटून बघतो, मग ओळखीचं एखादं गाणं लावून डोळे मिटतो. तबल्याचा बायाँ घुमतो आहे की नुसता गडगडतो आहे, हे त्याला लगेच कळतं. चंदीगडच्या सेक्टर 22 मधल्या मोबाइलच्या दुकानांत अशी माणसं रोज दिसतात. काय विकत घ्यायचं यापेक्षा त्या वस्तूच्या आत काय आहे, यावर त्यांच्या गप्पा रंगतात.

धर्माच्या दृष्टीने या आनंदाचं काय करायचं? घरातली वडीलधारी मंडळी त्याला सहसा एका शब्दात निकालात काढतात: मोह. हा निकाल घाईचा आहे.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात माणसाच्या पतनाची साखळी सांगितली आहे. ती वस्तू हातात आल्यावर सुरू होत नाही, वस्तूचं मनात चिंतन सुरू झालं की तिथूनच सुरू होते. चिंतनातून आसक्ती येते, आसक्तीतून इच्छा आणि इच्छा अडली की क्रोध. फोन बाजारात येण्याआधी तीन-तीन महिने त्याची छायाचित्रं आणि अफवा चाळत बसणारा माणूस या साखळीत केव्हाच अडकलेला असतो. खोकं उघडतं ते खूप नंतर. ज्या क्षणावर टीका होते त्या क्षणी दोष घडून गेलेला असतो, किंवा घडलेलाच नसतो.

जैन परंपरेने हा मुद्दा आणखी नेमका केला. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची, म्हणजे संग्रहाची, व्याख्या वस्तूंच्या संख्येने केलेली नाही. मनाची मूर्च्छा, म्हणजे वस्तूपायी भान हरपणं, हाच तिथे परिग्रह आहे. ही व्याख्या मान्य केली, तर एका जुन्या फोनसाठी रात्रंदिवस तळमळणारा माणूस परिग्रही ठरू शकतो आणि टेबलावर पाच यंत्रं असलेला कदाचित ठरणार नाही.

या मूर्च्छेचं चंदीगडइतकं ठळक उदाहरण दुसरीकडे सापडणं कठीण. शहराचे वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांचा चुलतभाऊ पिएर जनरे याने पन्नाशीच्या दशकात इथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी आणि पंजाब विद्यापीठासाठी सागवानी लाकूड आणि वेताच्या विणीच्या खुर्च्या घडवल्या. वापरून मोडल्या, तशा त्या भंगार म्हणून अडगळीत पडल्या आणि कवडीमोलाने लिलावात गेल्या. पुढे त्याच खुर्च्या युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत लाखो रुपयांना विकल्या जाऊ लागल्या. अखेर 2011 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाला या वारशाच्या विक्रीवर आणि निर्यातीवर बंदीचा आदेश काढावा लागला. लाकूड तेच आणि वेतही तोच, बदललं ते पाहणाऱ्याचं मन. मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल यांनी 1971 मध्ये याची दुसरी बाजू मांडली: नव्या सुखाला माणूस सरावतो, आणि तितकंच सुख मिळवायला त्याला पुन्हा काहीतरी नवं लागतं.

म्हणजे नवी वस्तू दोन वाटा दाखवते. एका वाटेवर नवलाई ओसरताच मन पुढच्या वस्तूकडे धावतं. दुसऱ्या वाटेवर ते त्याच वस्तूच्या आत उतरतं. या दुसऱ्या वाटेने गेलेला एक माणूस म्हणजे अमर बोस.

अमर बोस यांचे वडील नोनी गोपाल बोस बंगालमधले क्रांतिकारक. ब्रिटिशांपासून निसटून ते 1920 च्या सुमारास अमेरिकेत पोहोचले. मुलगा फिलाडेल्फियात वाढला, लहानपणी व्हायोलिन शिकला आणि महायुद्धाच्या काळात घराला हातभार म्हणून शेजारपाजारचे रेडिओ दुरुस्त करू लागला. 1956 मध्ये एमआयटीतलं शिक्षण संपत आलं असताना त्याने एक उंची स्टिरिओ विकत घेतला. कागदावरची तांत्रिक वैशिष्ट्यं उत्तम होती, पण मैफलीत बसून ऐकलेलं व्हायोलिन त्या यंत्रातून काही केल्या ऐकू येईना.

अशी निराशा प्रत्येक शौकिनाच्या वाट्याला येते. बहुतेक जण ते यंत्र विकून दुसरं महागडं यंत्र घेतात. बोस यांनी प्रश्न विचारला: आकडे बरोबर असताना कान समाधानी का नाही? त्यांनी पुढची कित्येक वर्षं या प्रश्नाला दिली. सभागृहात आपल्या कानांवर पडणारा बहुतांश आवाज थेट वाद्यातून येत नाही, भिंती आणि छतावरून परावर्तित होऊन येतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. 1964 मध्ये त्यांनी कंपनी काढली. 1968 च्या त्यांच्या 901 या स्पीकरमध्ये नऊ ध्वनिवर्धक होते. त्यातला एक श्रोत्याकडे तोंड करून आणि आठ मागच्या भिंतीकडे. पुढे 1978 मध्ये विमानप्रवासात तिथल्या हेडफोननेही त्यांची निराशा केली आणि बाहेरचा गोंगाट उलट्या लहरींनी पुसून टाकण्याचं गणित त्यांनी विमानातच मांडायला घेतलं. आज सेक्टर 22 मधल्या दुकानात जे हेडफोन कानाला लावताच बाजाराचा कलकलाट विरतो, त्यांची वंशावळ या प्रवासापर्यंत जाते. 2011 मध्ये बोस यांनी कंपनीचे बहुसंख्य समभाग एमआयटीला देऊन टाकले. विद्यापीठाला लाभांश मिळावा, पण समभाग विकता येऊ नयेत आणि कारभारात मताचा अधिकारही असू नये, अशी व्यवस्था केली. वस्तूंवर इतकं प्रेम करणाऱ्या माणसाने मालकी इतक्या सहज सोडली, ही गोष्ट मोहाच्या सोप्या निकालात बसत नाही.

पतंजलींच्या योगसूत्रांत अपरिग्रहाचं एक विलक्षण फळ सांगितलं आहे. अपरिग्रह स्थिर झाला की साधकाला जन्म कसा आणि कुठून, याचं ज्ञान होतं. सूत्रातला जन्म साधकाचा स्वतःचा आहे. तो वस्तूकडे वळवणं हे सूत्राबाहेरचं पाऊल आहे, पण ते टाकावंसं वाटतं. पकडून ठेवण्याच्या धडपडीत असलेल्या मनाला हे कुठून आलं, असं विचारायची उसंत नसते. पकड सैल झाली की तो प्रश्न सुचतो.

चंदीगडकराला त्याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. शेजारच्या मोहालीत, सेक्टर 72 मध्ये, चिप घडवणारी सेमीकंडक्टर लॅबोरेटरी आहे. 1976 मध्ये सरकारी कंपनी म्हणून तिची नोंदणी झाली, 1989 च्या आगीत तिचा कारखाना जळाला आणि देशाची चिपनिर्मिती कित्येक वर्षं मागे गेली. आज तिथे 180 नॅनोमीटर तंत्राने चिप बनतात. दुकानात 3 नॅनोमीटरच्या प्रोसेसरची जाहिरात वाचून आलेल्या माणसाला हा आकडा जुनाट वाटेल. पण याच प्रयोगशाळेत घडलेला विक्रम 3201 हा प्रोसेसर इस्रोच्या अग्निबाणांसाठी आहे. सप्टेंबर 2025 मध्ये दिल्लीत तो पंतप्रधानांना दाखवण्यात आला. त्याआधीचा विक्रम 1601 हा 2009 पासून प्रक्षेपकांना दिशा देत आला आहे. अंतराळात जाणाऱ्या यानाला चिप नवी कोरी असण्यापेक्षा ती हमखास चालणं महत्त्वाचं असतं. आपल्या खिशातल्या फोनला नेमकी कशाची गरज आहे, हा प्रश्न इतक्याच गांभीर्याने विचारायला हवा.

जन्मकथा विचारायची तर ती पूर्ण विचारावी लागते, आणि तिथे आनंदाला बोच लागते. बॅटरीतला कोबाल्ट मुख्यतः काँगोच्या खाणींतून येतो. जगातलं सुमारे 70 टक्के उत्पादन तिथलं आहे, आणि तिथल्या छोट्या खाणींत मुलंही राबतात, हे वारंवार उघड झालं आहे. खोकं उघडताना आतल्या यंत्राचं कौतुक करणाऱ्याने हेही जाणून असावं. हे जाणल्यावरही आनंद टिकत असेल तर तो खरा. टिकत नसेल तर ती मूर्च्छाच होती.

हातात वस्तू आणि मन दुसरीकडे, या अवस्थेबद्दल पंजाबात सर्वांत सुंदर बोलला तो एक मराठी संत. नामदेवांची 61 पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, आणि त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घुमान या पंजाबातल्या गावी 2015 मध्ये मराठी साहित्य संमेलनही भरलं. त्यांच्या एका पदात मुलगा कागद कापून पतंग करतो, सवंगड्यांशी गप्पा मारत उडवतो, पण चित्त दोरीत असतं. पाण्याचे घडे घेऊन हसत-खिदळत येणाऱ्या मुलींचं चित्त घड्यात असतं. नामदेव त्या मुलाला पतंग टाकून दे, असं म्हणत नाहीत. खेळ चालू राहतो, गप्पाही चालू राहतात; चित्त कुठे बांधलेलं आहे एवढंच ते पाहतात. जातीने शिंपी असलेल्या या संताला हातातलं काम आणि नामस्मरण यांत वैर दिसलं नाही.

आपल्या सणांनाही ही जाण आहे. मराठी घरात खंडेनवमीला अवजारांवर फुलं वाहतात, हल्ली लॅपटॉपवरही झेंडू ठेवतात. पंजाबात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी विश्वकर्म्याची पूजा होते, कारखान्यांतली यंत्रं पुसून त्यांना नमस्कार करतात. दसऱ्याला नवी खरेदी होते हे खरं, पण या दोन दिवसांचा मान वर्षभर हातात झिजलेल्या अवजाराला मिळतो. चंदीगडच्या नेकचंद सैनी यांनी हाच मान टाकाऊ वस्तूंना दिला. बांधकाम खात्यातल्या या रस्ते निरीक्षकाने शहरातल्या फुटक्या बांगड्या, फरशा आणि विजेची मोडकी सॉकेटं वर्षानुवर्षं गुपचूप जमवून रॉक गार्डन उभं केलं. ते 1976 मध्ये लोकांसाठी खुलं झालं.

पण जुन्या वस्तूपाशी राहू इच्छिणाऱ्याला आज राहू दिलं जातं का? बॅटरी गोंदाने चिकटवलेली, सुटा भाग मिळत नाही आणि अनेक फोनांचं सॉफ्टवेअर अद्ययावतीकरण दोन-तीन वर्षांत बंद. सेक्टर 22 मधला कुशल दुरुस्तीवालाही तिथे हात टेकतो. भारतात डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी सरकारी पोर्टल सुरू झालं, पण त्यावर माहिती देणं कंपन्यांच्या इच्छेवर आहे. युरोपीय संघाने 20 जून 2025 पासून कायदाच लागू केला: फोनची बॅटरी 800 वेळा भरून झाल्यावरही मूळच्या 80 टक्के क्षमतेची असावी आणि एखाद्या फोनची विक्री थांबल्यावरही सात वर्षं त्याचे सुटे भाग मिळावेत. आपल्याकडे अपरिग्रहाचा उपदेश आजवर विकत घेणाऱ्यालाच होत आला आहे. ज्याच्या नफ्याचं गणित ग्राहकाच्या मूर्च्छेवर बेतलेलं आहे, त्या उत्पादकालाही तो लागू व्हायला हवा, आणि त्यासाठी प्रवचन पुरणार नाही. युरोपसारखा कायदा आपल्याकडेही लागेल.