कुणाच्या नावाचा पैसा

प्रश्न साधा आहे. एका गरिबाच्या नावाने ठेवलेला पैसा उचलून दुसऱ्या गरिबाला दिला, तर ती चोरी का?

मे २०२५ मध्ये बातमी आली. राज्य सरकारने सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास खात्याचे ३३५ कोटी 'लाडकी बहीण' योजनेकडे वळवले. खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट जाहीरपणे बोलले, की खात्याची गरज नसेल तर बंदच करून टाका. आम्ही पोरांनी लगेच फलक रंगवायला घेतला. 'दलितांच्या पैशावर दरोडा!' ब्रश माझ्याच हातात. बहीण उंबऱ्यात तांदूळ निवडत बसलेली. म्हणाली, "दादा, ते पंधराशे माझ्या पण खात्यात येतात. मग मी काय दरोडेखोर?"

ब्रश थांबला. घोषणा लिहिणं सोपं, बहिणीला उत्तर देणं कठीण.

उत्तर शोधायचं तर मला कोळशापासून सुरुवात करावी लागते. आमच्या रत्नागिरीत कोळशाची खाण नाही. कोळसा येतो तो जयगडला, जहाजाने, तिथल्या १२०० मेगावॅटच्या वीजकेंद्रासाठी. खाणी तिकडे चंद्रपूर-यवतमाळला, झारखंडात. पण मंडणगडच्या आंबडव्याचं मूळ असलेला एक माणूस डिसेंबर १९४३ मध्ये धनबादकडच्या खाणीत स्वतः खाली उतरला होता. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९४४ मध्ये, वटहुकूम निघाला. कोळशावर उपकर बसवायचा आणि तो पैसा खाणकामगारांच्या कल्याणासाठी वेगळ्या निधीत ठेवायचा. सल्ला द्यायला समिती, आणि तिच्यात मालकांबरोबर कामगारांचेही प्रतिनिधी. कोळसा ज्याच्या घामाने वर येतो त्याचा त्यात वाटा आहे, ही दया नव्हे. आणि त्या वाट्याचं काय होतं ते बघायला त्याचाच माणूस तिथे बसलेला पाहिजे. हे बाबासाहेबांचं अर्थशास्त्र. आपण त्यांच्या जयंतीला ढोल बडवतो, पण प्रांतांच्या तिजोरीवर त्यांनी १९२५ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं ते किती जणांनी उघडून पाहिलं? मीही उशिराच पाहिलं.

आता पुढचं बघा. २०१० मध्ये कोळशावर नवा उपकर आला, टनामागे ५० रुपये. २०१६ पर्यंत तो ४०० झाला. कारण काय सांगितलं? स्वच्छ ऊर्जा. २०१७-१८ पर्यंत गोळा झाले ८६ हजार कोटींच्या वर. त्या नावाच्या निधीत गेले ३० हजार कोटींच्या आत, आणि खर्च झाले १६ हजार कोटींच्या आत. मग जीएसटी आला आणि कोळशावरचा पैसा राज्यांची नुकसानभरपाई करायला लागला. नाव एकाचं, पोट दुसऱ्याचं.

कोकणात याला जुना शब्द आहे. खोती. खोत सरकारच्या नावाने कुळाकडून वसूल करायचा, सरकारला ठरलेलं भरायचा, वरचं घरात. आणि हिशेब विचारायची कुळाची टाप नव्हती. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोती मोडायचं विधेयक आणलं, जानेवारी १९३८ मध्ये कोकणातली कुळं मुंबईत कौन्सिलवर चालून गेली. खोत गेला. वहीचं काय?

१९७९-८० पासून अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा बाजूला काढायचा, आणि तो दुसरीकडे वळवायचा नाही. कागदावर. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांसाठी दिल्लीत या पैशातले शेकडो कोटी वापरले गेले, गृहमंत्र्यांना संसदेत ते मान्य करावं लागलं. कर्नाटकाने २०१३ मध्ये कायदा केला, तरी २०२३-२४ मध्ये तिथले सुमारे ११ हजार कोटी सरकारच्या गॅरंटी योजनांत गेलेच. समर्थन तेच: लाभार्थ्यांत दलितही आहेत.

कोणी म्हणेल, तिजोरी शेवटी एकच, कुलूप कसलं लावता? तर मी त्याला गुहागर तालुक्यात अंजनवेलला नेईन. एन्रॉनची वीज परवडणारी नाही, स्वस्त कोळशाच्या विजेला ती बाजूला सारेल, असं जागतिक बँकेने १९९३ मध्येच सांगितलं होतं. तरी करार झाला. आणि कंपनीचा पैसा बुडू नये म्हणून राज्याची हमी, तिच्यावर केंद्राची प्रतिहमी. २००१ च्या सुरुवातीला बिलं थकली तेव्हा कंपनीने दोन्ही बाहेर काढल्या. म्हणजे कुलूप लावता येतं! ह्यूस्टनच्या कंपनीसाठी लावता येतं.

पण बहिणीच्या प्रश्नाला हे उत्तर नाही, हे मला कळतं. भूक लागलेल्या बाईच्या हातातले पंधराशे वाईट कसे म्हणायचे?

आमच्या वाडीत एकदा विहाराच्या पत्र्यांसाठी वर्गणी जमली होती. रात्री एका पोराचं अपेंडिक्स फुटलं. खजिनदाराने पेटी उघडून पैसे दिले, पोर वाचलं. दुसऱ्या दिवशी बैठक. आरडाओरडा. अर्धे म्हणतात, पुण्य केलं, अर्धे म्हणतात, अफरातफर. शेवटी एक म्हातारी उठली. "दिलंस ते बेस केलंस. पण आमाला उठवायचं होतंस. आमी काय नाय म्हणलो असतो?" खजिनदार खाली मान घालून बसला. मग वहीत लिहिलं गेलं, 'विहार निधीतून उसने', पुढे आकडा, खाली सह्या. पुढच्या जयंतीपर्यंत मुंबईच्या मंडळींनी ते फेडले.

चोरी कुठे आहे ते मला त्या वहीत दिसतं. पैसा गरिबाकडे गेला यात चोरी नाही. ज्याच्या नावाचा होता त्याला उठवलं नाही, आणि 'उसने' हा शब्द लिहिला नाही, यात आहे. उसने लिहिलं की देणेकरी ठरतो, फेडायची तारीख येते. नाही लिहिलं की ते दान होतं. आमच्याच पैशाचं आम्हाला दान, वर आभारही आम्हीच मानायचे.

भाचीची शिष्यवृत्ती वर्ष उलटलं तरी जमा झालेली नाही. या ४१० कोटींशी तिचा धागा मी जोडून दाखवू शकत नाही. पण आईला महिन्याला मिळतं ते दिसतं, लेकीचं अडलेलं दिसत नाही, आणि दिसत नाही त्याचं मत पडत नाही. हे सरकारला पक्कं ठाऊक आहे.

हे सगळं मी बहिणीला सांगितलं. तिने सूप बाजूला ठेवलं. म्हणाली, "मग दरोडा पूस. आकडा लिही. कधी परत देणार ते विचार."

मी पुसलं आणि मोठ्या अक्षरात ४१० कोटी लिहिले. ती बघत राहिली.

"आणि आदिवासींचे ३३५ रे?"