सगळ्यांना एकच ‘यू’

आज मन एका छोट्या इंग्रजी शब्दावर ठेवू या: यू. घाई नको. आईला यू, साहेबांना यू, भरल्या सभेलाही यू. मनातल्या मनात एकेकाला तशी हाक मारून पाहा.

आता सहाशे वर्षं मागे चला. तेव्हा इंग्लंडात एकट्या माणसाला ‘दाऊ’ म्हणत, अनेकांना ‘यी’ किंवा ‘यू’. फ्रेंच वळणामुळे मोठ्या माणसाला, तो एकटा असला तरी, अनेकवचन लावायची रीत पडली होती. आपल्या तू-तुम्हीसारखीच.

गल्लीत दोन अनोळखी माणसं समोरासमोर आली आहेत. समोरचा कोण, कसा, ठाऊक नाही. एकेरी बोललो आणि त्याला लागलं तर? त्यापेक्षा मानानं बोललेलं बरं. या संकोचापाशी जरा थांबा. असे कितीतरी संकोच साचत गेले आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस ‘दाऊ’ प्रमाण बोलण्यातून जवळजवळ गेलं. उरलं ते प्रार्थनेत आणि यॉर्कशरसारख्या भागांतल्या बोलींत. हुकूम कुणीच काढला नव्हता.

त्याच शतकात क्वेकर पंथाचे लोक मात्र न्यायाधीशालाही ‘दाऊ’ म्हणत. देवापुढे सगळे सारखे, ही त्यांची श्रद्धा. त्यापायी त्यांनी मारही खाल्ला. पुढे संबोधनात सगळे सारखे झाले, पण सगळ्यांना मानाचं रूप मिळून. हे सावकाश मनात मुरू द्या.

हरवलं काय, तेही पाहा. जवळिकीचं एकेरी गेलं. समोर एक आहे की अनेक, हे शब्दावरून कळेनासं झालं. ती उणीव बोलणाऱ्यांनीच भरून काढली: अमेरिकेच्या दक्षिणेत ‘यॉल’, आयर्लंडात ‘यूझ’.

भाषेचं असं बदलत राहणं काहींना थांबवावंसं वाटलं. इंग्रजीला कायमचं स्थिर करावं, असं लेखक जोनाथन स्विफ्टनं १७१२ मध्ये सुचवलं होतं. कोशकार सॅम्युअल जॉन्सनलाही आधी तशी आशा होती. १७५५ च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत ती फोल असल्याचं त्यानं मोकळेपणानं मान्य केलं.

आता स्वतःकडे या. नव्या पिढीचं एखादं बोलणं कानाला खटकतं, तो क्षण आठवा. ते खटकणं दाबू नका. जे जातं आहे त्याची माया त्यात आहे. पण दुरुस्तीची घाईही नको. हे बोलणारा कुणाशी बोलतो आहे? त्याला कुणाला जवळ करायचं आहे, कुणाचं मन जपायचं आहे? एवढं ऐकून घ्या, मग चूक-बरोबर ठरवा.