कपाळाची सीमारेषा

मनुष्याने आपल्या देहात आपल्या खुशीने फेरबदल करून घ्यावा की नाही, हा वाद आता जुना झाला. चष्मा लावणाऱ्यास किंवा कवळी बसविणाऱ्यास कोणी अहंकारी म्हणत नाही. आमच्यापुढे अलीकडे आलेला प्रश्न त्याहून थोडा आडवळणाचा आहे. फेरबदल एकदा करून झाला, तो उत्तम साधलाही. तरी तोच पुन्हा करावा काय?

निमित्त असे की, आमच्या एका स्नेह्यांच्या चिरंजिवांनी दोन वर्षांपूर्वी केशरोपण करून घेतले. वय बत्तीस, इंदूरला नोकरी, देवासहून रोजची ये-जा. रोपण चांगले जमले. माहीत नसलेल्यास ओळखू येऊ नये इतके. परंतु कपाळावरची केसांची रेघ आणखी बोटभर खाली हवी होती, असे आता त्यास वाटते, आणि त्यासाठी तो दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या विचारात आहे. वडिलांनी आम्हांस गळ घातली, "तुम्ही दोन शब्द सांगून पाहा."

ज्येष्ठ मंडळी अशा वेळी हसून मोकळी होतात. आम्हांस ते मान्य नाही. केस ही क्षुल्लक वस्तू आहे, असे आपल्या समाजाने कधीच मानलेले नाही. तसे मानले असते तर विधवेच्या मस्तकावर वस्तरा फिरविण्याची रूढी आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालली नसती. ज्याचे मोल नाही ते हिरावून घेण्याचा खटाटोप कोणी करीत नाही. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळी एकत्र आली आणि विधवांच्या केसांस वस्तरा लावणार नाही, असा निर्धार त्यांनी केला. केस राखण्याचा हक्क हा माणूसपणाचा हक्क आहे, हे त्यांनी आपल्या हत्याराकडे पाहून ओळखले. तेव्हा टक्कल पडू लागलेल्या तरुणाने खंत केली तर ती खोटी म्हणता येत नाही.

मात्र खंतीचा विषय काळागणिक बदलतो. १७२८ च्या सुमारास तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंनी येथे आपल्या दोन पात्या स्थापन केल्या. त्यांच्या मागोमाग आलेल्या कुळांतील पुरुष कपाळापासून पुष्कळ मागेपर्यंत डोके तासून घेत, घेरा राखीत आणि वर पागोटे चढवीत. जे विस्तीर्ण कपाळ आज द्रव्य खर्चून आखूड करून घ्यावयाचे, तेच आपले पूर्वज न्हाव्यास बिदागी देऊन वाढवून घेत होते! पागोटे गेले, मागोमाग टोपीही गेली, आणि कपाळ चव्हाट्यावर आले. थोरल्या व धाकट्या पातीची हद्द एकेकाळी याच गावातून जात होती आणि पलीकडे दुसरे राज्य होते, हे आजच्या मुलांस सांगावे लागते. कपाळावरची हद्द मात्र त्यांस रोज आरशात दिसते.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. केशरोपणात नवा केस उत्पन्न होत नाही. डोक्याच्या मागील व बाजूच्या पट्ट्यातील केस सहसा आयुष्यभर टिकतात. तेथील मुळे काढून पुढे लावावयाची, इतकेच. ती नव्या जागी गेली तरी मूळ जागेचा स्वभाव सोडीत नाहीत, हे न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेन्ट्राइख यांनी १९५९ साली मांडले आणि त्यावर हे सारे शास्त्र उभे राहिले. (माळव्यात तीनशे वर्षे राहूनही आमटीत गूळ घालणाऱ्या आपल्या घरांस हा सिद्धांत निराळा समजावून सांगावयास नको.) परंतु काढलेल्या जागी ते मूळ पुन्हा उगवत नाही.

सरकारी भाषेत यास पुनर्विनियोजन म्हणतात. आमची हयात या शब्दाच्या सहवासात गेली. एका लेखाशीर्षातील रक्कम दुसऱ्या शीर्षाखाली वळविता येते. तिजोरीत त्यामुळे एक पैसाही वाढत नाही. येथे तर दोन्ही शीर्षे एकाच मस्तकावर आहेत. मागील पट्ट्यातून विरळपणा न दिसू देता घेता येण्याजोगे केसमुळांचे गट सर्वसाधारणपणे पाच-सहा हजार, कित्येकांच्या बाबतीत त्याहूनही कमी. आमच्या तरुण मित्राचे २,५०० पहिल्या खेपेस खर्ची पडले. आणि टक्कल काही शस्त्रक्रियेच्या तारखेस थांबत नाही. रोपलेले केस राहतात, त्यांच्या मागचे मूळचे केस पुढेही गळत जातात. आज रेघ बोटभर खाली आणली आणि पंधरा वर्षांनी तिच्यामागे मैदान पडले, तर ते भरण्यास शिल्लक काय उरणार?

पहिले रोपण आम्हांस योग्यच वाटले होते. विवाहाची बोलणी होती, लोकांचे टोमणे होते. जे गेले ते काही अंशी परत मिळविणे, एवढाच त्यात हेतू होता. पहिल्या वैद्याने रेघ बाहुलीसारखी सरळसोट आखून ठेवली असती, तर दुसऱ्या खेपेसही दुरुस्ती म्हणून आम्ही संमती दिली असती. येथे तसे काही नाही. रेघ नैसर्गिक आहे, प्रौढ पुरुषास शोभणारी आहे. ती खाली आणा, असे पत्नीने, मित्राने वा अन्य कोणी सुचविलेले नाही. मागणी एकट्या आरशाची आहे, आणि आरशाकडून कामपूर्तीचा दाखला कधी मिळेल, हे सांगणे कठीण.

आमची हरकत पापपुण्याची नाही, पैशाचीही नाही. पैसे त्याचे आहेत. देहही त्याचाच, हे खरे. पण जी ठेव मोडावयाची तिच्यात आणखी एकाचा हिस्सा आहे : पन्नाशीतील तो स्वतः. तो गृहस्थ आजच्या बैठकीस हजर नाही, त्याची सही कोणी घेतलेली नाही. अज्ञानाच्या मालमत्तेस पालक नेमतात, ती त्याच्या सज्ञान होण्यापूर्वी विकावयाची तर न्यायालयाची परवानगी लागते. आपल्याच पुढच्या वयाचे पालकत्व आपण इतक्या सहजपणे कसे विसरतो?

जोखमीचा उल्लेख केला पाहिजे, तो थोडक्यात करतो. २०२२ मध्ये राष्ट्रीय आयोगाने सांगितले की, ही शस्त्रक्रिया नुसती कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून येत नाही. तरी मार्च २०२५ मध्ये कानपूरला एक अभियंता केशरोपणानंतर दगावला.

हे सारे आम्ही त्यास सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, "काका, पन्नाशीच्या माणसाची तुम्ही एवढी बाजू घेता. पण बत्तिसाव्या वर्षी सकाळी आरशासमोर उभं राहायचं ते मला. तो तर जन्मलेलाही नाही अजून."

उत्तर तोडीचे होते, हे कबूल केले पाहिजे. सर्व काही उद्यासाठी राखून ठेवणारी आमची पिढी. बासनात बांधलेले शालू कसरीने खाल्लेले आम्ही पाहिले आहेत. वर्तमानाचाही हक्क असतोच. तरी शालू नेसल्याने जिरतो म्हणून तो एकाच दिवशी फाडून वाटावयाचा नसतो, असे आम्ही त्यास म्हटले. तो हसला, पटले असे म्हणाला नाही.

शेवटी एवढे ठरले की, मागच्या पट्ट्यात किती गट शिल्लक आहेत आणि मागचे केस गळण्याचा वेग काय आहे, हे त्याने डॉक्टरांकडून आकड्यांत लिहून आणावे, आणि शक्य तर जो डॉक्टर ही शस्त्रक्रिया करणार नाही अशाकडून आणावे. तो कागद अद्याप आलेला नाही. शस्त्रक्रियेची तारीख मात्र पुढच्या महिन्यातली आहे.