शेवटचा हात कुठे लागला?

गॅरेजमधून नीट होऊन आलेल्या गाडीने चेक इंजिनचा दिवा दाखवला की माणूस हमखास म्हणतो, "आता आणखी काय बिघडलं?" नुकतंच झालेलं काम सोडून सगळ्यावर संशय घेतो.

तुमसरच्या एका धान उत्पादकाच्या पेट्रोल गाडीचं तसंच झालं. टॅपेट कव्हरमधून ऑइल गळत होतं, म्हणून पॅकिंग बदललं. पुढे भंडाऱ्याकडे निघाल्यावर मोहाडीनंतर गाडी मिसिंग करू लागली, पिकअप गेला, दिवा लागला. भंडाऱ्यात स्कॅनर लावला. कोड आला पी०३५१. स्कॅनरवाला म्हणाला, पहिल्या सिलिंडरची इग्निशन कॉइल गेली, नवी टाका.

पण कोडने एवढं सांगितलंच नव्हतं. यातला पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा विभाग, शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सारखा असलेला कोड, ३ म्हणजे इग्निशन किंवा मिसफायर, आणि ५१ म्हणजे पहिल्या कॉइलचं सर्किट. सर्किटात कॉइल येते, तसा तिचा कपलर येतो, आणि तिथून गाडीच्या संगणकापर्यंत जाणारी वायरही येते. तक्रार कोणत्या गल्लीतून आली ते कळलं. घर अजून शोधायचं होतं.

नॅशनल हायवेवरच्या दुसऱ्या एका मिस्त्रीने स्कॅनरला हात लावण्याआधी विचारलं, "भाऊ, याच्या पयले काय काम केलं गाडीत?" माझ्या मते निम्मं निदान या प्रश्नातच झालं. कारण अशा इंजिनांत टॅपेट कव्हर काढायचं तर आधी प्लगवरच्या कॉइल उपसाव्या लागतात. म्हणजे हात तिथे लागलेलाच होता.

मग त्याने पैसा न लागणारी चाचणी केली. पहिली कॉइल दुसऱ्या जागी, दुसरी पहिल्या जागी. कॉइल खराब असती तर कोड तिच्यामागे गेला असता, पी०३५२ दिसला असता. तो पी०३५१ वरच राहिला. कॉइल निर्दोष ठरली. पहिला कपलर उलटा करून पाहिला तर त्याचा खटका मोडलेला. इंजिनच्या उष्णतेने प्लॅस्टिक कडक झालेलं, काढताना ओढलं गेलं असणार. आतली कथिलाची कल्हई असलेली पितळी पिन मागे सरकलेली. वरून कपलर बसल्यासारखा दिसे, रस्त्याला खड्डा आला की स्पर्श तुटे. कपलर बदलला, कोड पुन्हा आला नाही.

गंमत अशी की हाच शेतकरी शेतावर असा चुकत नाही. थ्री-फेज मोटर रिवाइंडिंग करून आणली आणि पाणी नीट चढेना, तर तो पंप गेला म्हणत नाही. जोडताना फेज उलट लागला असेल म्हणून दोन वायरींची अदलाबदल करून पाहतो. गाडीपाशी आला की मात्र स्कॅनरचा आकडा त्याला अंतिम वाटतो. त्यात मिस्त्रीचीही सोय असते. नव्या पार्टवर संशय घेतला तर पैसे गिऱ्हाइकाचे जातात, कालच्या कामावर घेतला तर शब्द स्वतःचा जातो. आपलंच काम पुन्हा उघडून पाहणारा मिस्त्री मला म्हणूनच हुशार मिस्त्रीपेक्षा मोठा वाटतो.

तुमच्या गाडीवर ही वेळ आली तर घाईने कोड पुसून घेऊ नका. कोड साठवताना संगणक त्या क्षणाचा वेग, इंजिनचे फेरे आणि तापमानही नोंदवतो. कोड पुसला की तेही जातं. दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका, कारण न जळालेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो जाळून टाकतं. त्याच्या किमतीपुढे कॉइल काहीच नाही. आणि आणखी एक करा. बिलावर पॅकिंग, ऑइल, मजुरी एवढंच लिहिलेलं असतं; ते बसवताना काय काय काढलं होतं, ते मिस्त्रीकडून बिलाच्या पाठीवर लिहून घ्या.