त्याच खुर्चीवर पुन्हा

बदलीची ऑर्डर हातात पडली की घरचे आधी विचारतात, ‘बढतीवर का?’ मोठं शहर, मोठं ऑफिस, हाताखाली जास्त माणसं, असा आपला बदलीचा हिशेब. आणि पूर्वी सोडलेल्या खुर्चीवर कुणी पुन्हा येऊन बसलं, तर ‘काहीतरी बिनसलं असणार’ असं आपण परस्पर ठरवूनही टाकतो.

बिशप आनास्तासियुस हार्टमन यांचं आयुष्य या हिशेबात बसत नाही. १८०३ साली स्वित्झर्लंडच्या ल्युसर्न परगण्यात, आल्टविस नावाच्या खेड्यात त्यांचा जन्म झाला. अठराव्या वर्षी ते कपुचिन संन्यासी झाले आणि पुढची बरीच वर्षं तरुण संन्याशांना शिकवण्यात गेली. हिंदुस्थानात पाय ठेवला तेव्हा चाळिशी उलटली होती. आग्रा, मग ग्वाल्हेर, आणि १८४६ मध्ये आग्र्यापासून नुकत्याच वेगळ्या केलेल्या पाटणा प्रांताचे पहिले बिशप. मुलूख अफाट, कॅथलिक मूठभर. त्यात छावण्यांमधले आयरिश शिपाई होते आणि बेतियाचा जुना ख्रिस्ती समाज होता. पाटण्यात ‘पादरी की हवेली’ नावानं ओळखलं जाणारं चर्च होतं. नेपाळच्या बहादूर शाहानं दिलेली १७८२ सालची घंटा तिथे होती. बाकी सगळं उभं करायचं होतं.

ते उभं राहण्याआधीच, १८४९ मध्ये, रोमनं त्यांना मुंबई सांभाळायला सांगितलं. मुंबईत तेव्हा एकाच शहरात दोन धर्मसत्ता होत्या. पोर्तुगालच्या राजाला जुन्या पोपांनी दिलेला हक्क, म्हणजे पाद्रोआदो, एका बाजूला. रोमचं मिशनखातं, म्हणजे प्रोपगंडा, दुसऱ्या बाजूला. चर्च कुणाचं, पाद्री कुणी नेमायचा, किल्ल्या कुणाकडे, यावरून गावंच्या गावं दुभंगलेली. १८५३ मध्ये हा वाद माहीमच्या सेंट मायकल चर्चवर आला, तेव्हा हार्टमन आपल्या माणसांसह चर्चमध्ये आत जाऊन बसले आणि हलेनात. विरोधकांनी बाहेरून वेढा घातला, अन्न आत जाऊ देईनात. मरण आलं तरी ताबा सोडायचा नाही, असा त्यांचा पवित्रा होता. दिवसांमागून दिवस गेले आणि शेवटी सरकारला मध्ये पडावं लागलं. वेढा उठला, वाद काही मिटला नाही. दुहेरी सत्तेचं हे दुखणं संपायला १९२८ सालचा रोम आणि पोर्तुगालमधला करार उजाडावा लागला.

इतकं वाचून कुणालाही वाटेल, हा गृहस्थ खुर्चीला चिकटणारा असणार. पण त्याच वर्षांत ते दुसरंही काही करत होते. १८५० मध्ये त्यांनी मुंबईच्या कॅथलिकांसाठी एक वृत्तपत्र सुरू केलं. ‘द एक्झामिनर’ या नावानं ते साप्ताहिक आजही मुंबईतून निघतं. शाळा-कॉलेजांचं काम हातात घेऊ शकतील म्हणून त्यांनी जेझुईट धर्मगुरूंना मुंबईत आणण्यासाठी रोमकडे लकडा लावला. ते आले. स्वतः कपुचिन असून हार्टमननी मुंबईचं मिशन दुसऱ्या संघाकडे जाऊ दिलं आणि १८५८ मध्ये त्या पदावरून ते बाजूला झाले. संस्थेच्या हक्कासाठी भांडणं आणि त्या हक्कावर स्वतःची पाटी लावणं, या दोन गोष्टींतलं अंतर त्यांना नीट ठाऊक होतं. आपल्याकडे गावच्या पतपेढीपासून देवस्थानच्या ट्रस्टपर्यंत पहिल्या गोष्टीच्या नावाखाली दुसरीच चालते, म्हणून हे अंतर ध्यानात ठेवायला हवं.

मुंबई सुटल्यावर रोममध्ये आपल्या संघाच्या मिशनांचा कारभार त्यांच्याकडे आला. वय, अनुभव, ओळखी सगळं जमेला होतं. तिथेच थांबले असते तर कुणी नावं ठेवली नसती. पण १८६० मध्ये त्यांना पुन्हा पाटण्याला नेमलं आणि ते गेले. मधल्या काळात १८५७ होऊन गेलं होतं. पाटण्याला लागून असलेल्या दानापूरच्या छावणीतलेच शिपाई उठले होते. सोडून गेलेला मुलूख तसाच राहिला नव्हता. तिथे त्यांनी नव्या कराराचं हिंदुस्थानी भाषांतर पुरं केलं. १८६६ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, पाटण्याजवळ कुर्जीला पटकीनं त्यांचा अंत झाला.

नव्या जागी माणसाआधी त्याचं नाव पोचलेलं असतं; पहिले काही महिने त्या पुण्याईवर निघतात. जुन्या जागी तशी सोय नाही. आपण कुठे कमी पडलो, कोणतं काम अर्धवट राहिलं, कुणाला दिलेला शब्द हवेत विरला, हे तिथल्या माणसांना तोंडपाठ असतं. म्हणून परत जायला जरा जास्त हिंमत लागते. आणि तिथलं काय बिनसलं आहे हे आधीच माहीत असल्यानं काम करायची खरी संधीही तिथेच असते.

आज ना उद्या आपल्यालाही असा निरोप येईल. जुन्या शाखेत परत जा, सोडलेली जबाबदारी पुन्हा घे, अबोला धरलेल्या भावाशी बोल. त्या वेळी मान-अपमानाचा हिशेब घटकाभर बाजूला ठेवावा आणि एवढंच आठवून पाहावं, तिथे आपल्या हातून काय करायचं राहिलं होतं? उत्तर सापडलं, तर जायला तेवढं कारण पुरेसं आहे.