पिशवीतील दोन वजने

आधार : अनुवाद २५:१३-१६

धान्य घेताना एक वजन व देताना दुसरे वजन काढणारा व्यापारी आपणांस ठाऊक आहे. अशा मनुष्याचा देवाला वीट आहे, असे मोशेने सांगितले. हे वचन बाजारापुरतेच आहे काय? नाही. ज्या वजनाने आपण दुसऱ्याच्या कृतीचा न्याय करितो, तेही देव पारखतो.

अमेरिकेतील सुवार्तिक मंडळ्यांचा दाखला घ्या. १९८८ साली 'द लास्ट टेम्प्टेशन ऑफ क्राइस्ट' हा चित्रपट निघाला. आपण कादंबरीवरून घेतलो आहो, शुभवर्तमानांवरून नाही, असे त्याच्या आरंभीच लिहिले होते. त्यात क्रूसावरील ख्रिस्तास संसाराचे स्वप्न पडते. शास्त्राबाहेरचे हे चित्र पाहून हजारो लोक निषेधार्थ जमले. कित्येकांनी तर तो न पाहताच दोष दिला.

पुढे २००४ साली मेल गिब्सन यांचा 'द पॅशन ऑफ द क्राइस्ट' आला. त्यात पिलाताची पत्नी मरीयेला वस्त्रे देते, व त्यांनी मरीया प्रभूचे सांडलेले रक्त टिपते. हा प्रसंग चारही शुभवर्तमानांत नाही; तो ॲन कॅथरीन एमेरिक ह्या जर्मन जोगिणीच्या दृष्टान्तांच्या पुस्तकातून आला. तरी मंडळ्यांनी घाऊक तिकिटे घेतली. एरवी पडद्यावरील रक्तपाताचा धिक्कार करणारेही तेथे गेले. मग २०१४ साली 'नोहा' चित्रपटात दगडी राक्षस दिसताच शास्त्राचे वजन पुन्हा पिशवीतून निघाले.

हे तिन्ही चित्रपट सारखेच, असे आम्ही म्हणत नाही. पहिल्याविषयी दुःख होणे स्वाभाविक होते. परंतु जे आपल्या मनाला रुचले त्याला सूट, व जे रुचले नाही त्याला शास्त्र, हा न्याय नव्हे.

आता आपल्या घराकडे वळू. लूकच्या शुभवर्तमानावरून १९७९ साली काढलेला 'येशू' हा चित्रपट मराठीतही झाला आहे. तो पाहून डोळे भरून आले, तर दुसऱ्या दिवशी लूकचे पुस्तक उघडले काय? गरिबाचा मुलगा तालुक्यास चित्रपट पाहावयास गेला, तर त्यास मंडळीपुढे उभे करावयाचे, आणि पंचाचा मुलगा गेला, तर मान खाली घालून गप्प बसावयाचे, असे आपल्यांत घडत नाही काय? उपदेशक बंधूंनो, त्या गरीब मुलाच्या मनात कोणते ख्रिस्तदर्शन राहील? देवाच्या घरीही दोन वजने आहेत, एवढेच तो शिकेल. आणि मग कोणत्या तोंडाने आपण त्याला परत बोलवावे?

म्हणून ऐकून घेतल्यावाचून दोष देऊ नका. बिरुयातील लोकांप्रमाणे आवडते व नावडते, दोन्ही शास्त्राशी ताडून पाहा. आणि तराजू हाती घेण्यापूर्वी स्वतः पारड्यात बसा. प्रभू आपली पिशवी तपासो, आणि तीत एकच खरे वजन राहू देवो. आमेन.